शाळेच्या परसातली जंबेरी

आई,

वहीच्या पानावर पहिला शब्द मी ‘बाई’ असा लिहिला होता. मग तो खोडला आणि शेजारी ‘आई’ लिहिलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, खाडाखोडच करायची होती तर पाटी घ्यायची, कागद कशाला नासवलास. तुझ्या शाळेत मी पहिलीपासून आठवीपर्यंत शिकले, आणि तेवढी वर्षं सकाळची घंटा झाली की तू माझी आई राहायची नाहीस. संध्याकाळी दोन्ही खोल्यांना कुलूप लावून, किल्ली पदराच्या टोकाला बांधून तू घराच्या वाटेला लागलीस की मग परत आई व्हायचीस. त्यामुळे तुला हाक मारताना माझी जीभ अजून जराशी अडखळते. आता माझे केस तुझ्या शेवटच्या दिवसांतल्या केसांपेक्षा जास्त पांढरे आहेत, तरी अडखळते.

मागच्या महिन्यात पांढुर्ण्याला जाऊन आले. तिगावच्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं. ती तुला आठवत असणारच. सकाळच्या पॅसेंजरनं तिगावकडची जी मुलं शाळेत यायची, त्यातली सगळ्यात बोलकी, तेल चोपडलेल्या दोन वेण्यांची. आता तिची स्वतःची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे, हाताखाली माणसं आहेत, आणि आवाज होता तसाच आहे. पंगतीत तिनं स्वतः येऊन माझ्या पानात जंबेरीचं लोणचं वाढलं आणि चार पाहुण्यांना ऐकू जाईल अशी शाळेतल्या झाडाची गोष्ट सुरू केली. सगळे पोट धरून हसले. “आमच्या बाईले आखरीपर्यंत नाई समजलं, बाप्पा,” असं म्हणून तिनं पदरानं डोळे पुसले, हसून पुसले की कशानं ते तिलाच माहीत, आणि माझ्याकडे वळून विचारलं, “नाई समजलं ना वं?” मी म्हटलं, “नाई समजलं.” घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे, म्हणून लिहायला बसले.

पांढुर्ण्यातली आपली शाळा म्हणजे कापसाच्या जिनिंगच्या मागच्या दोन खोल्या आणि त्यांच्या मागचं परस. कापसाच्या हंगामात तंतू उडत यायचे आणि आमच्या वेण्यांवर, वह्यांवर, पाण्याच्या माठावर बसायचे. म्हणून माठावर दुपदरी फडकं, आणि फडकं धुवायची पाळी ठरलेली. चांगली सरकारी शाळेतली नोकरी सोडून तू हे का मांडलंस यावर गावात बरीच मतं होती. बाबा स्टेशनवर तिकीटबाबू. खिडकीवर येणारा प्रत्येक जण त्यांना एक मत देऊन जायचा आणि ते जेवताना आपल्याला ऐकवायचे. तुझे नियमही तसे होते. डब्यात चहा-टोस्ट चालायचं नाही. दात बाभळीच्या काडीनं घासायचे. पहिला तास परसात, हातात खुरपं. वाफ्याची लांबी-रुंदी दोरीनं मोजायची, मेथीचं बी किती लागेल ते पाटीवर काढायचं, आणि मग तीच मेथी शिजवून खायची. गणित चुकलं की भाजी कमी पडायची, आणि ज्याचं चुकलं त्याच्याकडे सगळे बघायचे, त्यापेक्षा छडी बरी. महिन्यातून एकदा तू आम्हाला कापूस तोलायच्या काट्यावर उभं करायचीस. जिनिंगमधले हमाल हसायचे, “बाई, पोट्टे कापसाच्या भावानं इकता का?” तू म्हणायचीस, “भाव आला तर सांगा.” पण ज्याचं वजन वाढलं नाही त्याच्या घरी संध्याकाळी तू स्वतः जाऊन चुलीवर काय शिजतं ते बघून यायचीस, आणि लोकांना ते फारसं आवडायचं नाही.

शनिवारी सगळ्यांचे डबे एका मोठ्या परातीत रिकामे व्हायचे. भाकरी, पोळी, झुणका, अंबाडीची भाजी, कुणाच्या घरचा शिरा, सगळं एकत्र, आणि मग वाटे. कोण कुणाच्या घरचं खातंय यावरून सुरुवातीला कुरबुर झाली होती. तू ऐकून घेतलीस आणि परात आणखी मोठी आणलीस. “शाळेत कुणाचं काही एकट्याचं नसतं,” हे तुझं वाक्य आम्हाला पाढ्यांसारखं पाठ होतं. वाटताना माझा नंबर मात्र शेवटचा. शिरा माझ्यापर्यंत आल्याचं मला तरी आठवत नाही.

पहिल्या दिवसाचं तुला आठवतं का कोण जाणे. मी वर्गात म्हणाले, “आई, माझी पेन्सिल पडली.” तू फळ्याकडून वळलीस. रागावली नव्हतीस, पण दूधवाल्याला दुधातलं पाणी दाखवताना तुझा जो आवाज असायचा त्या आवाजात म्हणालीस, “इथं आई कुणाचीच नाही. इथं बाई आहे आणि ती सगळ्यांची आहे. घरचं घरी, शाळेतलं शाळेत.” वर्ग हसला. मला राग आला, आणि तो पुष्कळ वर्षं टिकला. त्यात दुसरं दुखणं असं की वर्गाला मी बाईंचीच वाटायचे. चार पोरी कोपऱ्यात कुजबुजत असल्या आणि मी गेले की एखादी म्हणायची, “बाईची पोट्टी आली, गप.” म्हणजे तिकडे आई नाही आणि इकडे मैत्रीण नाही. ना घर की ना घाट की, असं बाबा हिंदीत म्हणाले असते, पण मी त्यांना कधी सांगितलं नाही.

संक्रांतीनंतर तू पालकांना परसात बोलवायचीस. तिळगूळ द्यायचा, मुलांनी पिकवलेलं दाखवायचं, आणि तक्रारी ऐकायच्या. मी दुसरीत होते त्या वर्षी तिगावच्या मुलीचा बाप उभा राहिला. संत्र्याचा मोठा बागाईतदार, उंच, आवाज बैलाला हाक मारायचा. म्हणाला, “बाई, आमी पोरगी शिकाले धाडली, खुरपं धराले नाई. खुरपं तं घरी बी हाय. पढाई कवा होते तुमची?” माना हलल्या. त्याच्या शब्दावर तिगावकडची सगळी मुलं येत होती, आणि ती गेली असती तर अर्धी शाळा गेली असती, हे तुला ठाऊक होतं. तू शांतपणे विचारलंस, “तुमच्या घरी एवढी संत्री. हिला डोळा भरता येतो, कलम बांधता येतं?” तो हसला. “डोळा भरनं मानसाचं काम, पोरीचं नाई.” तेव्हा तू, जी एरवी प्रत्येक गोष्ट दोनदा तोलून बोलायची, ती सगळ्यांसमोर म्हणालीस, “ती भरेल. इथं परसात तिनं भरलेल्या झाडाचं पहिलं संत्रं तुमच्या हातात देईन. नाही दिलं तर पोरीला घेऊन जा.” तो म्हणाला, “ठरलं.” घरी आल्यावर बाबांनी कपाळाला हात लावला.

संत्र्याची बी पेरून संत्र्याची बाग करत नाहीत, हे आपल्याकडे पाळण्यातल्या लेकरालाही माहीत. आधी जंबेरीचं रोप. काटेरी, राकट, आणि फळ असं आंबट की बघूनच दात आंबतात. ते पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीला चीर द्यायची, तिच्यात चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला अंकुर, बसवायचा, पट्टीनं बांधायचा. डोळा फुटला की वरचं जंबेरीचं खोड छाटायचं. खालून जंबेरीचे कोंब येतच राहतात, ते खुडायचे. एखादा राहिला तर तोच सगळं पाणी ओढून घेतो आणि झाड जंबेरीचं होऊन बसतं. तू हे सौसरच्या एका रोपवाटिकेत जाऊन पाहून आली होतीस, येताना तयार जंबेरीचं रोप आणून परसात लावलं होतंस, आणि बाकीचं एका पुस्तकात वाचलं होतंस. त्या हिवाळ्यात तिगावच्या मुलीनं बापाच्या बागेतून ओल्या फडक्यात गुंडाळून डोळ्याची काडी आणली. तू तिच्या हातात चाकू दिलास, आणि आम्ही सगळे भोवती उभे राहिलो. तिचा हात अजिबात हलला नाही, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

मग एका सकाळी पट्टीच्या कडेला हिरवा ठिपका दिसला. तू पदर खोचून गुडघ्यांवर बसलीस, चष्मा पुसून पाहिलंस आणि म्हणालीस, “फुटला.” स्वतःच्या हातानं वरचं खोड छाटलंस. घरून डबाभर गूळ-शेंगदाणे मागवून सगळ्यांना वाटलेस. बाबांच्या खिडकीतून तिगावला निरोप गेला, की पोरीचा डोळा फुटला. इतका आनंद मी तुझ्या तोंडावर घरी कधी पाहिला नव्हता. पण तो ठिपका पट्टीच्या खालचा होता. डोळा आतल्या आत वाळला होता, आणि आम्ही ज्याच्या नावानं गूळ खाल्ला तो जंबेरीचा कोंब होता.

मला हे कळायला दोन वर्षं लागली. मी शहरातली, स्टेशनच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. एकदा पाणी घालताना मी सहज म्हणाले, “आपल्या संत्र्याला काटे किती आहेत.” तिगावची ती मुलगी मला हाताला धरून भिंतीआड घेऊन गेली, एक पान चुरगळलं आणि माझ्या नाकाखाली धरलं. “हुंग.” मी म्हटलं, लिंबासारखा वास येतो. “मंग? संत्र्याच्या पानाचा असा येते का?” तिगावच्या, मोहगावच्या, रामाकोन्याच्या सगळ्या पोरांना पहिल्याच पावसाळ्यात कळलं होतं. कुणी बोललं नव्हतं. “बाईले नोको सांगजो,” ती म्हणाली. “बाईनं गूळ वाटला ना वं. तिले किती वाईट वाटन.” मग खाली बघून म्हणाली, “अन् माझा बाप मले घेऊन जाईन.” मला विद्येची शपथ घ्यायला लावली. त्या शनिवारी जेवायला बसताना तिनं सरकून मला मधोमध जागा दिली. बाईची पोट्टी म्हणून नाही, त्यांच्यातली म्हणून. त्या जागेसाठी मी त्या दिवशी कसलीही शपथ घेतली असती.

ती पाळता आली नाही, हे तुला माहीतच आहे. सकाळ आहे. तू चुलीपुढे बसून भाकरी थापते आहेस, बाबा आंघोळीला गेले आहेत, मी पाटावर दुधाचा पेला घेऊन बसले आहे. मी विचारते, “आई, शपथ मोडली तर विद्या जाते का?” तू विचारतेस, “कुणाची मोडली?” आणि मी सगळं सांगून टाकते, पानाच्या वासासकट. तू भाकरी उलटतेस. तवा खाली उतरवून ती निखाऱ्यावर उभी करतेस, ती फुगेपर्यंत तिच्याकडेच बघत राहतेस. मग म्हणतेस, “मला माहीत आहे. काटे आले तेव्हाच कळलं.”

मी म्हटलं, मग उपटून का नाही टाकलं? घरी तुझी भाषा जरा सैल व्हायची. “उपटून काय करू? त्या पोरीनं आपल्या हातानं भरलेला डोळा होता तो. ती रोज येऊन पहिलं पाणी त्याला घालून राहिली. अन् बाकीची पोरं, त्यांना कवाच समजलं, पण मला वाईट वाटेल म्हणून तोंड दाबून बसली. त्यांना काय सांगू, की बाबांनो तुमचं गप बसणं वाया गेलं?” मग माझ्याकडे बोट करून, “तू बी नको सांगू. मला माहीत आहे हे त्यांना कळायला नको.” मी रडकुंडीला आले. “मग मी कुणाची शपथ पाळू?” तू म्हणालीस, “दोघांची.” आणि बाबांसाठी असायची ती पहिली गरम भाकरी तू माझ्या ताटलीत टाकलीस, वर लोण्याचा गोळा आणि मीठ. वाटे न घालता. फळ लागल्यावर काय होईल ते मी विचारलं तेव्हा म्हणालीस, “लागू तर दे आधी.” पण त्या दिवशी तू भाजीत तिखट टाकायला विसरलीस.

मी सहावीत असताना बहर आला. संत्र्याचं फूल पांढरंशुभ्र, जंबेरीच्या कळीला जांभळी झाक. एखाद्या मुलाचा बाप परसात डोकावला की चार पोरं झाडापुढे जाऊन उभी राहायची आणि विनाकारण कविता म्हणायला लागायची. खालच्या फांद्यांचे काटे कुणीतरी नखलून टाकले होते. फळं धरली तेव्हा पाखरं खातात म्हणून सगळ्या फळांना चिंध्या बांधल्या. तूही आनंदानं बांधू लागलीस. मी एका बाजूनं तुला बघायचे आणि एका बाजूनं त्यांना. त्याच वर्षी सौसरकडे इंग्रजी शाळा निघाली. तिथल्या पोरांना लाल टाय होते आणि न्यायला मोटर यायची. रामाकोन्याची दोन भावंडं दिवाळीनंतर आलीच नाहीत. तिगावचा बागाईतदार बाबांना खिडकीवर म्हणाला, “संत्रं खाऊन घेतो, मंग पाहतो.” बाबा घरी येऊन तुला म्हणाले, “अवं, ऐक. मंडीतून चांगली निवडून करंडीभर संत्री आणतो. दे वाटून. झाडाला कोण विचाराले जाते?” तू म्हणालीस, “झाडाला नाही विचारणार. पोरं मला विचारतील.” बाबांनी पुन्हा तो विषय काढला नाही, पण त्या आठवड्यात तू झोपेत दात खात होतीस.

आणि मग संक्रांतीनंतरची ती सभा. कोवळं ऊन, परस झाडून-सारवून लख्ख, पुढे बाकावर बाप मंडळी, मागे सतरंजीवर आया, एका बाजूला आम्ही रांगेत. ती माझ्या शेजारी बसली आहे. तू शनिवारच्याच परातीत ती फळं घेऊन आलीस, चिंध्या काढलेली, पिवळी, खरबरीत. पहिलं तिच्या बापाच्या हातात दिलंस. त्यानं सोललं नाही. तळहातावर जोखलं, नखानं सालीला ओरखडा काढला, नाकाशी नेलं. “बाई,” तो म्हणाला, “हे तं जंबेरी हाय.” कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणीच हसलं नाही. आमच्या रांगेतल्या सगळ्या माना खाली. तू परात धरून उभी, एकटी, आणि परात जड होती.

मी उभी राहिले आणि म्हणाले, “आई.”

सगळ्यांनी वळून बघितलं. तूही वळलीस. मला वाटलं आता दूधवाल्यासाठीचा तो आवाज येणार. तू म्हणालीस, “काय गं?” मी म्हटलं, “काही नाही.” तू म्हणालीस, “मग बस.” आणि मी बसले. त्या आवारात तू त्या हाकेला ओ दिलीस ती तेवढीच.

मग तू परात खाली ठेवलीस. एक फळ चाकूनं चिरून फोड तोंडात टाकलीस. तुझं सगळं तोंड गोळा झालं, एक डोळा मिटला. एवढ्या लोकांसमोर तू कधी तोंड वाकडं केलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. आणि तू हसायला लागलीस. “जंबेरीच आहे,” म्हणालीस. “चूक माझी. डोळा हिनं नीट भरला होता. वरचं खोड मी घाईनं छाटलं, आणि खालच्या कोंबाला डोळा समजून गूळ वाटला. संत्र्याचा शब्द दिला होता, तो मला पाळता आला नाही. न्यायची तर घेऊन जा पोरीला.” परातीकडे बोट केलंस. “पण या फळांत बिया पुष्कळ आहेत. त्या आज आम्ही पेरणार आहोत. प्रत्येकाचं एक रोप, आणि प्रत्येक जण आपल्या हातानं डोळा भरणार.” हे आम्हालाही नवीन होतं. बागाईतदारानं मान हलवली. “बिया टाकसान तं डोळा भराले दोन साल लागतीन.” तू म्हणालीस, “मग दोन वर्षं ठेवा मुलांना.”

आधी मागच्या बायका हसल्या. मग बाकावरचे. तो हसला नाही. त्यानं लेकीला जवळ बोलावलं. “डोळा तुनं भरला होता?” तिनं मान हलवली. “दाखव हात.” तिनं उजवा हात पुढे केला. तो बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिला, जसा तो फळाकडे बघत होता. मग म्हणाला, “बरं. दोन साल. अन् खोड बाईले नोको कापू देजो.” तेव्हा तू सगळ्यांत मोठ्यानं हसलीस.

दुसऱ्या दिवशी वर्ग एका सुरात म्हणाला, “बाई, आमाले माहीतच नव्हतं!” तू म्हणालीस, “मला तरी कुठे माहीत होतं.” ज्या शाळेत खोटं बोलणाऱ्याला आपलं खोटं मोठ्यानं पुन्हा म्हणून दाखवावं लागायचं, त्या शाळेत सगळी शाळा बाईंसकट खोटं बोलली, आणि एकट्या मला ते माहीत होतं. पुढे आठवडाभर गूळ घालून जंबेरीचं सरबत चाललं, आयांनी लोणची घातली, बिया राखेत घोळून वाफ्यात गेल्या. दोन वर्षांनी प्रत्येकानं आपलं कलम घरी नेलं. माझं क्वार्टरच्या अंगणात लागलं नाही, रेल्वेची जमीन, नुसता मुरूम. तिचं तिच्या बापानं बागेच्या तोंडाशीच लावलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. पण एक गोष्ट मी तुला कधी विचारली नाही. तू खरंच खोड घाईनं छाटलं होतंस, की तिच्याच हातून काही चुकलं होतं आणि तू ते आपल्या अंगावर घेतलंस? बाबांची संत्री तुला चालली नाहीत. आणि हे खोटं चाललं असेल, तर का चाललं, याचा विचार करत मी मोठी झाले. आता मला वाटतं की मला समजलंय, पण तुला विचारून पडताळून घेता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

शाळा नंतरही चालली. मी नागपूरला शिकायला गेले, इंग्रजी शाळा वाढल्या, तुझे गुडघे गेले, आणि एका उन्हाळ्यानंतर ती उघडलीच नाही. कुणी भांडलं नाही, कुणी बंद पाडली नाही. पुढे तू नागपूरच्या दवाखान्यात होतीस तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी बाईच होतं. हळूहळू नर्सही बाई म्हणायला लागल्या. एका दुपारी मी उशाशी बसून पाणी पाजत होते आणि माझ्याही तोंडून निघालं, “बाई, थोडं अजून.” तू डोळे न उघडता हसलीस. मला अजून कळत नाही की त्या हसण्यानं मला बरं वाटलं की वाईट.

त्या पंगतीत मैत्रिणीनं विचारलं, “नाई समजलं ना वं?” तेव्हा शब्द माझ्या ओठांवर होते. मी सांगणार होते, की माझ्या आईला सगळं माहीत होतं, तुमच्या आधीपासून, काटे आले तेव्हापासून. माझी आई, असं म्हणायचं होतं मला, चारचौघांत, मोठ्यानं. आणि मी ‘नाई समजलं’ म्हणून भात कालवला. तुला दिलेला शब्द पाळला असं तू म्हणशील. तसं नाही. तुझं सगळं वाटलं गेलं. तुझा वेळ, तुझा गूळ, तुझी शाबासकी, आजारपणसुद्धा. ती एक सकाळ तेवढी वाटली गेली नव्हती. चुलीपुढे तू, मी आणि पहिली भाकरी. ती मला परातीत टाकायची नव्हती. शाळेत कुणाचं काही एकट्याचं नसतं हे मला पाठ आहे, पण ते शाळेतलं नव्हतंच. घरचं घरी.

हे पत्र कुठे पाठवणार? जिनिंगच्या मागे आता ट्रॅक्टरचे सुटे भाग मिळतात. झाड नाही. मैत्रिणीनं येताना लोणच्याची बरणी दिली आहे, तिच्याखाली हे कागद दुमडून ठेवीन, तेल लागेल तेव्हा लागेल. त्या दिवशी सगळ्या गावासमोर तू विचारलं होतंस, काय गं. मी काही नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं, मला काहीही सांगायचं नव्हतं. आजही एवढी पानं भरून झाल्यावर पाहते तर तेवढंच आहे. काही नाही, आई. नुसती हाक मारली.